एक्सव्ही६ च्या स्पिनलॉकला रांगेत उभं करताना: मे-जूनच्या प्रकल्प नोंदी

आधी थोडक्यात. मी नोकरीत दिवसभर जावा लिहितो, कर्नलचं काम फक्त संध्याकाळी आणि रविवारी. मामेबहीण इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तिच्या बॅचमधल्या चार-पाच पोरांना हेच करायचंय म्हणून तिने सांगितलं, दादा तू करताना लिहून ठेव, आणि चुका गाळू नकोस. म्हणून या नोंदी. एक्सव्ही६ म्हणजे एमआयटीवाल्यांनी शिकवण्यासाठी लिहिलेलं छोटंसं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा), त्याची रिस्क-फाइव्ह प्रोसेसरसाठीची आवृत्ती क्यूएमयूवर, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये खोटं मशीन उभं करणाऱ्या प्रोग्रामवर, चालवतोय. एका वेळी एकाच कोअरने सामाईक गोष्टीला हात लावावा म्हणून कुलूप लागतं; इथलं मुख्य कुलूप स्पिनलॉक, आणि ते अगदी साधं टेस्ट-अँड-सेट: झडप घालायची, मिळालं तर आपलं, नाही तर परत झडप.

५ मे २०२४, रविवार

मशीन: इंदूरच्या जेल रोडवरून घेतलेला सेकंडहँड डेस्कटॉप, साडेनऊ हजार. दुकानदार म्हणाला "भिया, सहा कोअर है", घरी येऊन बघितलं तर चार. परत गेलो नाही, रामबागेतून तिथपर्यंत या उन्हात कोण जाणार.

लॉकवर ताण यावा म्हणून एक सिस्टिम कॉल लिहिला, नाव ठेवलं हातोडा. त्यात नुसतं लूपमध्ये के-अ‍ॅलॉकने पान (मेमरीचा ४०९६ बाइटचा तुकडा) घ्यायचं आणि के-फ्रीने परत द्यायचं. मोकळ्या पानांची यादी एकच, तिच्यावर लॉक एकच, त्यामुळे चारही हार्ट (रिस्क-फाइव्हवाले कोअरला हार्ट म्हणतात) तिथेच आदळणार असा हिशोब. पण आदळेचनात. अर्धा दिवस गेल्यावर दिसलं की के-अ‍ॅलॉक प्रत्येक पानात ५ भरतं आणि के-फ्री १ भरतं, म्हणजे कोणी सोडलेलं पान वापरलं तर लगेच कळावं म्हणून, आणि ही ४०९६ बाइटची भराई लॉकच्या बाहेर होते, सगळा वेळ तिथेच जातो, लॉक थंडच राहतं. एक मॅक्रो टाकून बेंचमार्कच्या बिल्डमध्ये भराई बंद केली, टेस्टच्या बिल्डमध्ये चालू ठेवली. (हे लक्षात ठेवा, पुढे याच मॅक्रोने मला रडवलंय.)

भराई काढल्यावर चित्र स्पष्ट. दहा सेकंदांत लॉक कोणाला किती वेळा मिळालं ते मोजलं तर एका हार्टला ४० टक्क्यांच्या वर आणि सगळ्यात मागच्याला जेमतेम ११. कारण सोपं आहे, ज्याने आत्ता लॉक सोडलं त्याच्याच कॅशमध्ये (कोअरच्या जवळच्या छोट्या मेमरीत) लॉकची ओळ गरम असते, बाकीच्यांना कळेपर्यंत तो परत घेऊन मोकळा. आपल्याकडे सकाळी पोह्याच्या ठेल्यावर असतं ना, जो काउंटरला चिकटून उभा तो दुसरी प्लेटही घेतो, वरून शेव-जिरावन जास्त टाकून घेतो, आणि मागचा हातात पैसे धरून बघत राहतो. तेच.

६ मे

काम कमी, वेळ जास्त गेला. थांबायला किती वेळ लागला ते मोजायला टाइम रजिस्टर वाचायला गेलो तर कर्नल ट्रॅप, कारण क्रमांक २, म्हणजे बेकायदा इन्स्ट्रक्शन. मशीन मोडमधून (सगळ्यात जास्त अधिकारांचा मोड) एम-काउंटर-एनेबलचा टाइमवाला बिट चालू करावा लागतो, स्टार्टच्या फाइलमध्ये एक ओळ. ते घड्याळ १० मेगाहर्ट्झचं आहे, एक टिक १०० नॅनोसेकंद, म्हणजे एकेक अ‍ॅक्वायर (लॉक घेणारं फंक्शन) मोजून काही हाती लागत नाही, बेरीज आणि जास्तीत जास्त एवढंच ठेवा.

दुसरं म्हणजे अ‍ॅक्वायरच्या आत प्रिंटएफ टाकलं. प्रिंटएफला स्वतःचा लॉक लागतो, तो घ्यायला परत अ‍ॅक्वायर, त्यात परत प्रिंटएफ. माहीत असून केलं हे, झोप येत होती.

आणि दुपारचे आकडे नि रात्रीचे आकडे जुळत नाहीत. वरच्या मजल्यावरची खोली, मे महिना, चारही कोअर पूर्ण वेळ फिरतायत, प्रोसेसर तापून स्वतःला हळू करतो. थर्मल पेस्ट १८० रुपये. इथून पुढे सगळी मापं रात्री दहानंतर, कॅबिनेटचं झाकण काढून.

११ मे, शनिवार

टिकिट लॉक लिहिला. दोन आकडे, नेक्स्ट आणि ओनर. येणारा नेक्स्टमधून आपला नंबर उचलतो आणि त्याच फटक्यात नेक्स्ट एकाने वाढतो, मग ओनर आपल्या नंबरवर येईपर्यंत थांबायचं. सोडताना ओनर एकाने वाढवायचा. लिनक्समध्ये हेच २००८ साली, २.६.२५ मध्ये, निक पिगिनने आणलं होतं.

जागा वाचवायला दोन्ही आकडे १६ बिटचे केले आणि लिंकरने हात वर केले, दोन बाइटच्या अ‍ॅटॉमिक (मधे कोणी घुसू शकत नाही अशा) बेरजेचं फंक्शन सापडत नाही म्हणून. रिस्क-फाइव्हला अ‍ॅटॉमिक इन्स्ट्रक्शन मूळ संचात ३२ किंवा ६४ बिटच्याच आहेत, त्याहून लहान असलं की माझं जुनं जीसीसी बाहेरच्या लायब्ररीला हाक मारतं आणि कर्नलमध्ये ती लायब्ररी कुठून येणार. दोन्ही ३२ बिट केले, संपलं. दीड तास.

होल्डिंग नावाचं तपासणी फंक्शनही बदलावं लागतं, तिथे जुनं लॉक्ड फील्ड वापरलंय. आता नेक्स्ट आणि ओनर वेगळे असतील आणि सीपीयू आपला असेल तरच लॉक आपल्याकडे आहे असं धरायचं.

रात्री निकाल: चारही हार्ट २५ टक्क्यांच्या आसपास. एकूण फेरे थोडे कमी झाले पण सगळ्यात लांब थांबा आधी मिलिसेकंदांत होता तो मायक्रोसेकंदांत आला. युजरटेस्ट्स (एक्सव्ही६ सोबत येणाऱ्या चाचण्या) पूर्ण पास. मी खूश होऊन सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाऊन आलो.

१३ मे, सोमवार

आज मतदान, ऑफिसला सुट्टी. सकाळी लवकर मत देणाऱ्यांना छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत पोहे-जलेबी फुकट होती, आईला आणि मला दोघांना मिळाली. घरी येऊन बेंचमार्कचा बिल्ड चालू केला आणि आउटपुट फार येतंय म्हणून हातोडा ग्रेपला पाइप केला (एकाचं आउटपुट दुसऱ्याला जोडलं). एंटर मारलं आणि सगळं ठप्प. कीबोर्डलाही दाद नाही.

हातोडा एकटा चालतो. एलएस एकटं चालतं. एलएस पाइप करून डब्ल्यूसीला दिलं की ठप्प. टेस्टच्या बिल्डमध्ये मात्र तेच पाइप मस्त चालतं, युजरटेस्ट्समध्ये पाइपच्या टेस्ट आहेत आणि त्या सगळ्या पास आहेत. इथे माझी दुपार गेली.

शेवटी जीडीबी (डीबगर) लावून अडकलेल्या लॉकमध्ये डोकावलो. ओनर शून्य. नेक्स्ट २,२८,०९,०६,७५३. म्हणजे पाइपच्या पहिल्याच गिऱ्हाइकाच्या हातात टोकन २२८ कोटींचं आणि खिडकीवर नंबर चाललाय शून्य. हेक्समध्ये छापलं तर सुरुवात ८७ आणि शेवट शून्य-शून्य-एक, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, एक वजा केलं की हा सरळ पानाचा पत्ता आहे. एक्सव्ही६ ची मेमरी हेक्स ८००००००० पासून १२८ एमबी, त्यातलंच एक पान.

झालं होतं असं. इनिटलॉकमध्ये (नवा लॉक तयार करणारं फंक्शन) मी नेक्स्ट-ओनर शून्य करायलाच विसरलो होतो. बाकीचे बहुतेक लॉक ग्लोबल आहेत, ते जन्मतः शून्य असतात. पाइपचा लॉक मात्र के-अ‍ॅलॉकने दिलेल्या पानाच्या अगदी सुरुवातीला बसतो. टेस्टच्या बिल्डमध्ये त्या पानात सगळीकडे ५ भरलेले, त्यामुळे नेक्स्टही पाच-पाच-पाच-पाच आणि ओनरही पाच-पाच-पाच-पाच, दोन्ही सारखे, म्हणजे लॉक मोकळा! चुकीचा लॉक योगायोगाने बरोबर. बेंचमार्कच्या बिल्डमध्ये भराई नाही, आणि मोकळ्या पानाच्या पहिल्या ८ बाइटमध्ये यादीतल्या पुढच्या पानाचा पत्ता ठेवलेला असतो. त्यातले खालचे ४ बाइट नेक्स्टमध्ये, वरचे ४ ओनरमध्ये.

दोन ओळींची दुरुस्ती, सहा तास. कचरा भरून चुका पकडायच्या म्हणून जी सोय केलीय तिनेच माझी चूक झाकली याचा राग जास्त आला. आता टेस्टच्या बिल्डमध्ये ५ ऐवजी पानाचा पत्ता भरतो, आठ-आठ बाइटचा.

१८ मे, शनिवार

मामेबहिणीला कोड दिला होता. तिच्याकडे एआरएम चिपचा मॅक आहे. सकाळी फोन: "दादा, तुझं कर्नल तिसऱ्या-चौथ्या वेळेला मरतं." मी म्हटलं तुझं टूलचेन जुनं असेल. तिने पाच मिनिटांत व्हिडिओ पाठवला, के-फ्रीमध्ये पॅनिक (कर्नल स्वतःच हात टेकून थांबतं), दुसऱ्या वेळी भलत्याच ठिकाणी पेज फॉल्ट. माझ्याकडे रात्रभर लूपमध्ये चालवून एकदाही नाही.

चूक माझीच, टूलचेनचा संबंध नाही. रिलीज (लॉक सोडणारं फंक्शन) लिहिताना मी मेमरी फेन्स (आधीचे बदल इतरांना आधी दिसू दे असं सांगणारी इन्स्ट्रक्शन) ओनर वाढवल्यानंतर टाकला होता, आधी नाही. म्हणजे यादीतला बदल इतरांना दिसण्याआधी "पुढचा नंबर या" अशी हाक जाऊ शकते, आणि पुढचा येऊन जुनीच यादी वाचतो. माझा डेस्कटॉप एक्स८६, तो एकामागून एक केलेले स्टोअर त्याच क्रमाने इतरांना दाखवतो, म्हणून क्यूएमयूमधलं रिस्क-फाइव्ह कर्नलही आपोआप शिस्तीत चाललं. एआरएमवर ती हमी नाही. ज्यांना हे करायचंय त्यांनी एक तरी एआरएम मशीन मिळवाच, उसनं का होईना. तिला सॉरी म्हटलं, दोन कचोऱ्या कबूल केल्या.

१९ मे, रविवार

एक्सव्ही६ जास्तीत जास्त ८ सीपीयू घेतं. म्हटलं बघू, ८ वर फेअरनेस कसा टिकतो. माझ्याकडे खरे कोअर चार, हे माहीत असून केलं.

टिकलं तर खरं, सगळ्यांना सारखं मिळालं, सगळ्यांना सारखंच काहीही मिळालं नाही. सेकंदाला लाखांत होणारे फेरे हजार-दीड हजारावर आले. मला वाटलं परत टोकन हरवलं कुठेतरी. जुना टेस्ट-अँड-सेट लावून बघितला तर तो ८ वरही जोरात पळतोय, फक्त आधीसारखाच अन्यायाने.

रात्री जेवताना उलगडलं. ८ व्हर्च्युअल सीपीयू म्हणजे खालच्या लिनक्सला ८ थ्रेड, जागा चारच. नंबर आला पाचव्याचा, आणि पाचवा थ्रेड त्या क्षणी झोपवलेला. बाकीचे जागे आहेत, चार कोअर जाळून ओनरकडे टक लावून बसलेत, पण त्यांचा नंबर नाही, आणि खालच्या लिनक्सला काय माहीत की हे नुसते ताटकळतायत, त्याला ते कामात दिसतात. पाचव्याला जागा मिळेपर्यंत काही मिलिसेकंद गेले. मग सहावा झोपलेला. मतदानाच्या दिवशी रांगेतला एक जण पाणी प्यायला गेला आणि मागच्यांना पुढे जायला मनाई, असं. टेस्ट-अँड-सेटमध्ये जो जागा आहे तो घेतो, म्हणून तो वाचतो.

हा काही माझा शोध नाही, व्हर्च्युअल मशीनवर रांगवाल्या लॉकचं हे जुनं दुखणं आहे. एक्स८६ वर लिनक्स पाहुणा म्हणून चालत असेल आणि खालच्या हायपरव्हायझरची (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) मदत नसेल तर त्याचा क्यूस्पिनलॉक हा रांगवाला लॉकसुद्धा रांग सोडून साध्या टेस्ट-अँड-सेटवर परत येतो. हे कोडमध्ये वाचलं तेव्हा बरं वाटलं.

२५ आणि २६ मे

टिकिटमध्ये सगळे एकाच ओनरवर डोळे लावून असतात, तो बदलला की सगळ्यांच्या कॅशमधली ओळ एकदम बाद. म्हणून एमसीएस लॉक, मेलर-क्रमी आणि स्कॉट यांचा, १९९१ चा. प्रत्येक थांबणाऱ्याची स्वतःची चिठ्ठी, तो फक्त आपल्या चिठ्ठीकडे बघतो, पुढचा जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवतो.

मी चिठ्ठी फंक्शनच्या स्टॅकवर ठेवली आणि अ‍ॅक्वायर-रिलीज दोन्हीला तिचा पत्ता द्यायला लागलो, म्हणजे सगळ्या फायलींमधली प्रत्येक हाक बदला. शनिवार पूर्ण त्यात. रविवारी बूट केलं, बाकीचे हार्ट चालू झाल्याचे मेसेज आले आणि पुढे इनिट (पहिली प्रोसेस) सुरू होण्याआधीच ढिम्म.

कारण असं की एक्सव्ही६ मध्ये प्रोसेसचा लॉक एक जण घेतो आणि दुसरा सोडतो. शेड्युलर (कोणी चालायचं ते ठरवणारा) लॉक घेऊन प्रोसेसवर उडी मारतो, आणि तो लॉक सोडते ती प्रोसेस, वेगळ्या स्टॅकवरून. रांगेच्या शेपटीला शेड्युलरची चिठ्ठी, आणि सोडणारा दाखवतोय स्वतःची कोरी चिठ्ठी. शेपूट जुळत नाही म्हटल्यावर एमसीएस समजतं की माझ्या मागे कोणीतरी उभं राहतंय, त्याने चिठ्ठीवर नाव लिहिण्याची वाट बघू. मागे कोणीच नाही. वाट बघतंय.

सगळे बदल फेकून दिले. दोन दिवस वाया, आणि रविवारी रात्री दोनदा लाइट गेली ते वेगळं.

२ जून, रविवार

लिनक्सच्या क्यूस्पिनलॉकमधली (४.२ पासून, २०१५) युक्ती उचलली. चिठ्ठी फक्त थांबेपर्यंत लागते. रांगेत पहिला आलेला माणूस लॉकच्या शब्दाकडे बघतो, लॉक मिळाला की मागच्याला "आता तू पहिला" सांगून आपली चिठ्ठी फाडून टाकतो. सोडताना चिठ्ठीचं काम नाही, नुसतं शून्य लिहायचं, मग सोडणारा कोणीही असो. अ‍ॅक्वायरचं रूपही जुनंच राहतं, एकही हाक बदलावी लागत नाही. गेल्या आठवड्यातच हे केलं असतं तर.

चिठ्ठ्या किती? लिनक्स प्रत्येक सीपीयूला चार ठेवतं, कारण थांबलेलं असताना वरून इंटरप्ट येऊन तोही कुठेतरी थांबू शकतो. एक्सव्ही६ अ‍ॅक्वायरच्या सुरुवातीलाच इंटरप्ट बंद करतं, म्हणून एका सीपीयूला एक पुरते. ती ६४ बाइटला अलाइन करा. मी आधी आठही चिठ्ठ्या चिकटून अ‍ॅरेत ठेवल्या होत्या, दोघांच्या चिठ्ठ्या एकाच कॅश ओळीत, मग वेगळ्या चिठ्ठीचा फायदा काय.

निकाल खरा सांगतो: चार कोअरवर टिकिटपेक्षा थोडासाच पुढे, रात्रीरात्रीच्या फरकाएवढाच म्हणा. चार जणांच्या रांगेत फरक तो काय पडणार. ८ वर टिकिटसारखाच मेला. त्यामुळे बूटला एक झेंडा (फ्लॅग) ठेवलाय, सीपीयू कोअरपेक्षा जास्त दिले तर जुना लॉक.

९ जून, रविवार

मामेबहीण आली होती, कचोऱ्या वसूल करायला. माझे सगळे आकडे बघून म्हणाली, "पण दादा, चौघांना एकच यादी का?" तिच्या लॅबमध्ये हेच शिकवलंय म्हणे, प्रत्येक हार्टची वेगळी यादी. मी महिनाभर रांग सरळ करतोय आणि ही म्हणते चार काउंटर उघडा.

उघडले. बूटच्या वेळी सगळी पानं हार्ट ० च मोकळी करतो, त्यामुळे सगळी त्याच्याच यादीत, बाकीचे कोरडे. म्हणून उसनवारी लिहिली, आपल्याकडे नसेल तर शेजाऱ्याच्या यादीतून घ्या. ती लिहिताना आपला लॉक धरून ठेवून शेजाऱ्याचा मागितला, शेजाऱ्याने त्याच वेळी माझा मागितला, दोघं एकमेकांची कॉलर धरून उभे. आपला सोडून मगच दुसऱ्याचा घ्यायचा. आणि आपण कुठल्या हार्टवर आहोत हे विचारण्याआधी इंटरप्ट बंद, नाही तर उत्तर येईपर्यंत आपण दुसऱ्याच हार्टवर.

हातोड्याला आता थांबावंच लागत नाही. कुठलाही लॉक लावा, टिकिट, चिठ्ठी, जुना, आकडे सारखेच. ती हसली. मी पण हसलो, पण जरा उशिरा.

१६ जून, रविवार

चिठ्ठीवाला लॉक ठेवलाय, कारण जिथे काउंटर वाढवता येत नाहीत तिथे तो लागतो. थांबण्याचे आकडे सगळ्या लॉकवर लावले तर आता सगळ्यात वर बफर कॅशचा (डिस्कवरून आणलेले ब्लॉक मेमरीत ठेवायच्या जागेचा) लॉक आहे. तिथे प्रत्येक हार्टची वेगळी यादी चालत नाही, डिस्कचा ब्लॉक सगळ्यांना एकच दिसायला हवा. तेरा बादल्या केल्या, ब्लॉकच्या नंबरावरून बादली ठरते. परवा रात्री पॅनिक, मोकळा ब्लॉक परत मोकळा केला म्हणून. दोघांना एकच ब्लॉक एकाच वेळी हवा होता, दोघांनी बघितलं, कॅशमध्ये नाही, दोघांनी आणला, एका ब्लॉकच्या दोन प्रती. आता रिकामा बफर शोधण्याआधी सगळ्यांवर एक वेगळा लॉक घेतो आणि तो मिळाल्यावर आपल्या बादलीत परत एकदा बघतो, मधल्या वेळात कोणी आणला का ते.

खर्च आत्तापर्यंत: डेस्कटॉप ९,५००, पेस्ट १८०, विजेचं बिल आईने अजून दाखवलेलं नाही. युजरटेस्ट्स काल रात्रीपासून लूपमध्ये लावल्यात, इथे आणि मॅकवर दोन्हीकडे. इथली चाळिसावी फेरी चालू आहे. मॅकवर किती फेऱ्या झाल्या ते मामेबहीण कळवत नाहीये, म्हणते झोपलेय, उद्या बघते.